फेरीसाठी बंद

यंदा नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी ह्यांनी गाळ्यावर नेहमीची पाटी लावली आणि घरी येऊन बसले.

गेल्या इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. पाटी लावायची, पिशवीत एक लुंगी, टॉवेल आणि चष्मा टाकायचा आणि गिऱ्हाइकांपैकी कुणाच्या तरी होडीवर चढून एक दिवस, एक रात्र दर्यावर जाऊन यायचं, असा ह्यांचा नेम. "इंजिन कसं बोलतंय ते ऐकून येतो," म्हणायचे. होड्यांची इंजिनं दुरुस्त करणं हाच धंदा, त्यामुळे ते कारण अगदी खोटं नव्हतं. तसं ते खरंही नव्हतं. यंदा गुडघ्याने दगा दिला. ज्या नाखव्याच्या होडीवर जायचं ठरलं होतं, त्याच्या मुलाने मोठ्या आदबीने सांगितलं, "काका, फळीवरनं चढताना तुमचा पाय सरला तर बापूस माझा जीव घेल. पुढच्या वर्षाला बघू." हे मान हलवून वळले. पाटी मात्र लावून आले. पडवीतल्या बाकावर बसले आणि त्यांचे पाय हलायला लागले.

त्या पाटीवर काय लिहिलंय ते रत्नागिरीत मांडवीच्या बंदरावर कुणालाही विचारा. अक्षरं रोमन, भाषा परकी, पण "फेरीसाठी बंद" असं शेंबडं पोरही सांगेल. ते चूक आहे. आणि ती चूक मूळची माझी. त्या चुकीपायी मी एका ऑगस्टात, परक्या देशात, जन्माचा एक प्रश्न गिळून टाकायच्या बेतात होते. श्रावण आला की तो ऑगस्ट मला आठवतो आणि मग माझेही पाय घरात ठरत नाहीत.

तसा श्रावणाचा हा पंधरवडा मला कधीच सोसलेला नाही. माझं माहेर आतल्या बाजूचं, घाटाच्या पायथ्याशी, भातशेतीचं. तिकडे श्रावण म्हणजे लावणी उरकलेली आणि माणसं जरा टेकलेली. इथे मांडवीत उलट. इथे श्रावणात कुणाचं बूड एका जागी टिकत नाही. जूनपासून होड्या वर ओढून नारळीच्या झापांखाली शाकारून ठेवलेल्या असतात. पुरुषमाणसं दर तासाला जेट्टीवर जाऊन पाण्याचा रंग बघून येतात. सुकटीच्या डब्याचा तळ दिसायला लागलेला असतो. डांबराचा, डिझेलचा आणि कुजत आलेल्या झापांचा वास घरात शिरतो तो उदबत्तीनेही जात नाही. सरकारी बंदी उठली तरी नारळ पडल्याशिवाय जुनी माणसं होडी लोटत नाहीत, त्यामुळे समोर दर्या मोकळा आणि माणसं मात्र काठावर येरझारा घालताहेत, असे ते दिवस असतात. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं, ह्या सगळ्या गावाला काही तरी झालंय.

आमच्या घरात तर बारा महिने श्रावण होता. माझे सासरे गलबतावर होते. मंगळुरी कौलं भरून मुंबईला जायची आणि मुंबईहून काय मिळेल ते घेऊन परतायचं, ह्याला ते 'फेरी' म्हणत. तोच शब्द मुलाच्या वाट्याला आला. मुलगा मोठ्या जहाजावर इंजिनियर झाला, दहा-दहा महिने ब्राझील आणि जपान करायला लागला, तरी घरात म्हणायचं, "विश्राम फेरीवर गेलाय." कुणाला वाटावं, माणूस बाजारातून कोथिंबीर आणायला गेलाय. होय, ह्यांचं नाव विश्राम. ज्याने कुणी ठेवलं त्याला साष्टांग नमस्कार. हा माणूस झोपेतसुद्धा पाय हलवतो.

पत्रं नियमाने यायची. शेवटची ओळ ठरलेली. "ही एक फेरी करतो, मग बघू." सही तिच्या खाली. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि तोवर ती ओळ मला इतकी पाठ झाली होती की पत्र उघडायच्या आधी मी ती मनात म्हणून टाकायची.

मग एका दुपारी एक प्रसंग घडला. आमची सुमी तेव्हा पाच वर्षांची. मी शाळेतून नुकतीच आले होते, भूगोलाच्या वह्यांचा गठ्ठा ओट्यावर टाकून चूळ भरत होते. सुमी धावत आत आली. "आई, बाबा आले!" माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला. बाहेर येऊन बघते तर पायरीवर साड्यांचं गाठोडं उतरवून एक फेरीवाला घाम पुसत बसलेला. दर दोन महिन्यांनी यायचा तोच. सुमीने त्याला पाण्याचा पेला दिला होता, स्वतः केसांवरून हात फिरवून नीट उभी राहिली होती आणि त्याला विचारत होती, "आता किती दिवस राहणार?"

बाबा फेरीवर जातात असं तिने जन्मापासून ऐकलेलं. म्हणजे बाबा फेरीवाले. हिशेब सरळ होता. तो बिचारा फेरीवाला हसला, मीही हसले. सासूबाई दारात उभ्या होत्या, त्या नाही हसल्या. त्या रात्री जेवताना म्हणाल्या, "शालन, पोरीने बापाला वळखलान नाय. हे काय हसण्यावारी न्यायचं नाय हां."

त्याच सुमारास बंदराजवळ एक गाळा रिकामा झाला होता. होड्यांना इंजिनं बसायला लागली होती आणि ती उघडून बघणारा माणूस मिळायची मारामार. मालक ह्यांच्या वडिलांना मानायचा. "विश्राम येत असला तर गणपतीपर्यंत थांबतो, मग दुसऱ्याला देतो," असं त्याने आईंना, म्हणजे सासूबाईंना, सांगितलं होतं. पत्र पाठवलं. उत्तर आलं, "ही एक फेरी करतो, मग बघू." पण त्याच पत्रात दुसरंही एक होतं. जहाजाच्या पंख्याला मार बसला होता, इटलीतल्या जेनोआच्या गोदीत ते वर चढवलं होतं, तीन आठवडे तरी मुक्काम होता. अधिकाऱ्यांच्या बायकांना यायला परवानगी होती. येतेस का?

मला कसली हौस. विमान मी फक्त आभाळात बघितलं होतं. पण आई म्हणाल्या, "तू जाच. पत्रात विचारलंस तर तो 'बघू'च लिवणार. समोर उभी राहा आणि विचार. येतोस की नाय, एवढंच. पोरीला मी बघत्ये."

शाळेत मुख्याध्यापिकाबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "ऑगस्टात रजा? सुट्टी मेमध्ये असते, बाई." मी अर्ज पुढे सरकवला. मिळाली रजा. कुळथाचं पीठ, आमसुलं आणि एक प्रश्न एवढं सामान घेऊन मी निघाले.

जेनोआ मी मुलांना शिकवत होते. दर्यावर्दी लोकांचं शहर, नैसर्गिक बंदर, नकाशात बुटाच्या वरच्या अंगाला. प्रत्यक्षात ते मला रत्नागिरीचं थोरलं भावंड वाटलं. डोंगर सरळ समुद्रात उतरलेला, घरं एकावर एक चढलेली, जिथे जावं तिथे पायऱ्या, आणि टोकाला दीपगृह. खाली बंदराशी कमानींची लांबच लांब रांग, तिच्यात दुकानं. वर इतक्या अरुंद गल्ल्या की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने अंग चोरावं. पण माणसं समोर येतच नव्हती. अख्खं शहर बंद होतं. लोखंडी पडदे खाली ओढलेले, हिरव्या खिडक्या मिटलेल्या, गल्लीगल्लीत मांजरं ताणून पसरलेली. आमच्याकडे भर दुपारी दोन वाजता बाजारपेठ झोपते तसं, फक्त इथे सकाळी दहालाही दोनच वाजलेले.

जहाज कोरड्या गोदीत चढवलेलं, पाणी नाही, संडास चालत नाहीत, म्हणून आम्ही वरच्या गल्लीत एका म्हातारीच्या घरी खोली घेऊन राहत होतो. ह्यांनी सकाळी जहाजावर एक चक्कर टाकून यायचं की दिवस मोकळा. दुरुस्तीचं काम ठप्प होतं. आणि प्रत्येक बंद दुकानावर, कुठे पुठ्ठ्यावर, कुठे वहीच्या कागदावर, एकच मजकूर हाताने लिहिलेला. मी तो अक्षरं लावून वाचला. चिउसो पर फेरी.

"अहो," मी विचारलं, "फेरी बंद आहे का? सगळीकडे फेरी, फेरी लिहिलंय."

ह्यांनी पाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "फेरी बंद नाही. फेरीसाठी बंद."

"म्हणजे? दुकानदार फेरीवर गेलेत?"

"हं."

"सगळे?"

"बघतेयस ना."

"आणि गोदीतले कामगार?"

"तेही," म्हणाले आणि पुढे चालू लागले.

आता ह्यावर कुणी विश्वास ठेवेल? पण मी ठेवला. भूगोलाची मास्तरीण मी, दर्यावर्दी लोकांचं शहर असं फळ्यावर लिहून देणारी. म्हटलं, असेल. कोलंबसाच्या गावचे लोक, न्हाव्यापासून पाववाल्यापर्यंत सगळे ऋतू पाहून समुद्रावर जात असतील. आमच्याकडे नाही का नारळ पडला की शिंपी, सुतारसुद्धा होडीवर चढत. उलट एक खुलासा झाल्यासारखं वाटलं. गल्लीत दिसत होत्या त्या सगळ्या म्हाताऱ्या बायका, काळ्या कपड्यांतल्या, दारात खुर्ची टाकून बसलेल्या. मला वाटलं, ह्या आपल्या आई. ह्याही वाट बघताहेत. मी त्यांच्याकडे बघून मान हलवायची, त्याही हलवायच्या. मी रत्नागिरीला पत्र लिहिलं. "इथले सगळे पुरुष दुकानं बंद करून फेरीवर जातात. बायका काही म्हणत नाहीत."

'बायका काही म्हणत नाहीत' हे लिहिताना माझा हात जड झाला होता, तो मला अजून आठवतो.

कारण तिथेच माझा प्रश्न ढिला पडत चालला होता. आधी जागा मिळेना म्हणून राहिला. आपल्याकडे असं काही बोलायचं तर माणूस चहा टाकतो, समोर बसतो, कपाखालची बशी काढतो आणि मग सुरुवात करतो. इथे चहाचं दुकान नाही, बसायला बाक नाही, खोलीत एक खाट आणि भिंतीपलीकडे खोकणारी म्हातारी. म्हणून आम्ही चालायचो. दिवस दिवस चालायचो. ह्यांचा चालण्याचा झपाटा असा की मी दोन पावलं मागेच. चालत्या माणसाच्या पाठीला काय विचारणार? "गाळ्याचं काय करायचं?" हे तीन शब्द मी रोज सकाळी तोंडात घेऊन निघायची आणि संध्याकाळी तसेच परत आणायची. आणि पाट्या वाचून वाचून मला वाटायला लागलं, एवढ्या मोठ्या शहरातल्या बायका जे सोसतात ते मला का जड व्हावं? आपणच एकट्या रडतराऊत. सुमी मोठी झाली की समजेल तिला. नको विचारायला.

पंधरा ऑगस्टला तर चर्चच्या घंटा वाजत होत्या आणि उरलीसुरली दोन दुकानंही बंद झाली. जहाजाच्या डेकवर आम्ही सात-आठ जण 'जन गण मन' म्हणत उभे होतो. खाली गोदीत चिटपाखरू नाही. शाळेतलं झेंडावंदन माझं पहिल्यांदाच चुकलं होतं, आणि इथे मात्र अख्खं परकं शहर आपल्या स्वातंत्र्यदिनाला बंद ठेवून बसलंय असं वाटून मला उगीचच हुंदका आला. हे शेजारी सावधान उभे होते. राष्ट्रगीत संपेपर्यंत त्यांचे पाय हलले नाहीत, एवढंच काय ते.

त्यानंतर दोन की तीन दिवसांनी माझ्या चपलेचा अंगठा तुटला.

हे जहाजावर गेले होते. मला खोलीत बसवेना म्हणून एकटीच बाहेर पडले आणि पायऱ्या उतरताना अंगठा तुटला. एक चप्पल पायात, एक हातात, दगड तापलेले. पदराची पिन लावून बघितली, चार पावलांत निघाली. गल्लीमागून गल्ली उतरत गेले. चिउसो पर फेरी. चिउसो पर फेरी. एका चांभाराच्या दुकानावरही तीच पाटी, तेव्हा मला त्या माणसाचा इतका राग आला की पडद्यावर मी चपलेने थापच मारली. म्हटलं, सगळेच गेलात तर मागे राहिलेल्यांनी चालायचं कसं?

आवाज ऐकून पलीकडून कुणीतरी हाक मारली. चार दारं सोडून एक पडदा अर्धा वर होता. आत एक म्हातारा, कातड्याचे तुकडे, लाखेचा वास आणि कोपऱ्यात लहानसा रेडिओ. त्याने माझ्या हातातली चप्पल बघितली आणि हात पुढे केला. दोऱ्याला मेण लावून तो अंगठा शिवायला बसला, मी स्टुलावर. कितीतरी दिवसांनी मी कुठेतरी समोरासमोर बसले होते.

तरुणपणी तो जहाजावर होता, त्यामुळे चार शब्द इंग्रजी येत होतं. मी शेजारच्या पाटीकडे बोट दाखवून विचारलं, "फेरी? शिप? कधी परत येणार?"

"शिप?" त्याला कळेना. मी हाताने होडी वल्हवून दाखवली. तेव्हा तो असा हसला की टोचा खाली ठेवावा लागला. "नो, नो, सिन्योरा. नो शिप. फेरिए!" मग त्याने मला समजावून सांगितलं, शब्दांनी थोडं आणि हातांनी जास्त. गुडघ्याएवढी मुलं दाखवली, कमरेएवढी मुलं दाखवली. त्यांच्या आईचा हात धरला. वाळूत पाय पसरून बसला, गालाखाली हात घेऊन झोपला, घोरला. "हॉलिडे," म्हणाला. "ऑल हॉलिडे. फॅमिली."

मी स्टुलावर तशीच बसून राहिले. न्हावी, पाववाला, चांभार, गोदीतला फिटर. कुणीही फेरीवर गेलं नव्हतं. सगळे आपापल्या पोरांजवळ गेले होते. कामधंद्याला कडी घालून, दारावर तसं स्वच्छ लिहून, लाज न वाटता. ज्या शब्दाने माझ्या घरातला माणूस जात होता त्याच शब्दाने इथल्या घरातला माणूस घरी येत होता.

आणि ह्यांना ते माहीत होतं. जेनोआला ह्यांची ही तिसरी खेप होती.

चप्पल शिवून झाली. "तुम्ही नाही गेलात फेरीला?" मी म्हाताऱ्याला विचारलं. त्याने बाकाखाली हात घालून एक पत्र्याची पाटी काढली. पांढऱ्यावर निळी अक्षरं, कडेला कुणीतरी हौसेने काढलेला मासा. "माय वाइफ," तो म्हणाला, बोटाने रंगवल्यासारखं केलं आणि मग तेच बोट वर आभाळाकडे नेलं. पाटीवरची धूळ त्याने ॲप्रनने पुसली. थोडा वेळ बघत राहिला. मग माझ्या हातात दिली. मी नको नको म्हणत होते. "नो बडी, नो फेरिए," म्हणाला. "यू टेक."

गोदीच्या फाटकाबाहेर मी तासभर उभी होते. उन्हात, पाटी काखेत. हे बाहेर आले, मला पाहिलं, पाटी पाहिली आणि थांबले. त्यांना सांगावं लागलं नाही.

"मला खोटं का सांगितलंत?"

"खोटं कुठे? फेरी तूच म्हणालीस. मी हो म्हटलं."

"हसू नका."

"नाही हसत." ते तिथल्या दगडी खुंटावर बसले. "तू विचारायला आलीस ते मला ठाऊक होतं. आईने कळवलान होतं. तुझा तो गैरसमज झाला आणि तू विचारायची थांबलीस. म्हटलं, चालू दे. बरे दिवस चाललेत." मग खाली बघून म्हणाले, "शालू, घरी आलो की आठ दिवसांत माझे पाय हलायला लागतात. तुला माहीत आहे. जमिनीवर राहिलो आणि तुमच्यावरच चिडायला लागलो तर? मला त्याची भीती वाटते. फेरीवर असलो की निदान तुम्हाला चांगला तरी वाटतो."

हे बोलत असतानाही पाय हलत होते. मला त्या पायांचा राग आला, कीवही आली. तोवर मी सुमीची ती गोष्ट ह्यांना सांगितली नव्हती. दुखेल म्हणून ठेवली होती. ती मी तिथे, चपलेच्या नव्या टाक्याकडे बघत सांगून टाकली. फेरीवाला, पाण्याचा पेला, केसांवरून फिरवलेला हात. "आणि तिने विचारलं, आता किती दिवस राहणार?"

ह्यांचे पाय थांबले.

समोर जहाज कोरड्यावर उभं होतं, पोट उघडं टाकून, आणि त्याच्या पंख्याशी माणूस नव्हता. शेवटी हे उठले. "ही एक फेरी..." सवयीने तोंडातून आलं, आणि अर्ध्यावर त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. माझ्या काखेतून पाटी घेतली. "तारघर उघडं असेल," म्हणाले. मला भर रस्त्यात रडू फुटलं. तिथे बघायला तरी कोण होतं!

तार अशी होती: फेरी बंद. गाळा घ्या. विश्राम. खिडकीतल्या माणसाने रोमन अक्षरांतलं ते मराठी दोनदा तपासलं. जहाजावर माणूस असलेल्या घरात तार म्हणजे काय ते सांगायला नको. पोस्टमन दारात आला तेव्हा आईंनी म्हणे सुमीला जवळ ओढलं, डोळे मिटले आणि त्याला सांगितलं, "वाच, पण हळू वाच." त्याने वाचली. "परत वाच." तीनदा वाचायला लावली. मग त्याला लाडू दिला आणि तशाच पायात काही न घालता गाळेवाल्याकडे गेल्या. माझं ते आधीचं पत्र पोचलं त्यानंतर चार दिवसांनी. इटलीत न्हावीसुद्धा दर्यावर जातात, ही बातमी त्यांनी अख्ख्या मांडवीत सांगितली आणि मरेपर्यंत ती खरीच मानली. मी सुधारायला गेले तर म्हणायच्या, "तूच लिवलंस ना?"

उरलेला करार संपवून हे माघात आले. गाळा सुरू झाला. सुमीने पहिल्या दिवशी दाराआडून विचारलं, "किती दिवस?" हे म्हणाले, "तू हाकलेपर्यंत." तिने बोटं मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

आणि मग जे झालं ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. माणूस घरी आला आणि मीच बिथरले. सकाळी अकराला, पोस्टमनच्या वेळेला, मी शाळेत फळ्याशी असले तरी माझी मान खिडकीकडे वळायची. पत्र यायचं नव्हतं, ते लिहिणारा चार गल्ल्यांपलीकडे तेलाने माखून बसला होता. तरी वळायची. सहा वर्षं वाट बघण्यात गेली होती, ती सवय एकदम रिकामी झाली. घरात दोन बेचैन माणसं एकमेकांना अडखळायला लागली. ह्यांनी तीन-चारदा आवाज चढवला, मी दोनदा माहेरी निघाले आणि स्टँडवरून परत आले.

पहिल्या श्रावणात पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी हे ती पाटी घेऊन गाळ्यावर गेले. मी खूश. म्हटलं, सुट्टी. डबा घेऊन जेट्टीवर जावं सगळ्यांनी. जाऊन बघते तर हे होडीत चढलेले. "उद्या येतो!" म्हणून हात केला. मी काठावर उभी, पुन्हा फसलेली. सुट्टीची पाटी लावून माणूस फेरीवर गेला होता. बंदरावरच्या पोरांनी विचारलं, काकी, ह्याचा अर्थ काय? माझ्या तोंडून निघालं, "फेरीसाठी बंद." तेच पुढे चालत आलं. दुसऱ्या दिवशी मात्र हे आले ते टोपलीभर बांगडे घेऊन, आणि सलग बारा तास झोपले. पाय न हलवता. त्यानंतर वर्षभर घरात आवाज चढला नाही. मग मीच दर वर्षी पिशवी भरून द्यायला लागले.

पण एक प्रश्न मात्र आत राहिला. बाक हलायला लागला की तो वर यायचा. मी ह्या माणसाला ओढून आणलं. फेरीवाल्याची गोष्ट सांगून, नेमकी दुखरी जागा धरून. गाळ्यात दुसऱ्यांची इंजिनं दुरुस्त करून ती दर्यावर पाठवायची आणि आपण काठावर राहायचं, हे ह्यांनी तीस-पस्तीस वर्षं केलं. तुम्ही पस्तावलात का हो? एवढंच. हा प्रश्नही मी तोंडात घेऊन हिंडले, आणि विचारला नाही. उत्तर 'हो' आलं तर काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं.

यंदा पाटी लावली त्या संध्याकाळी सुमीचा पुण्याहून फोन आला. "बाबा गेले फेरीवर?"

"नाही. पाटी लावलीय आणि घरी बसलेत."

"म्हणजे पहिल्यांदाच खरी सुट्टी," ती म्हणाली. हे तिकडे ऐकत होते. बाक हलत होता.

मी फोन ठेवला, चपला घातल्या. "उठा."

"कुठे?"

"जेट्टीपर्यंत."

काठी घेतली, निघाले. ह्या वेळी मी दोन पावलं पुढे आणि हे मागे. ऊन कलतं होतं. होड्या सगळ्या बाहेर गेलेल्या, किनाऱ्यावर नुसत्या झापांचे ढीग आणि दोन कुत्री. जेट्टीच्या मध्यावर मी थांबले, हे शेजारी येईपर्यंत वाट बघितली. चालत्या माणसाला विचारता येत नाही, पण काठीवाल्याला येतं. "एक विचारू? पस्तावलात का हो? त्या तारेबद्दल."

हे उभे राहिले. दूर एका होडीचं इंजिन ऐकू येत होतं. मान तिरकी करून त्यांनी ते जरा वेळ ऐकलं. कुठल्या होडीचं ते त्यांना नक्की कळलं असणार.

"ही एक फेरी मारून होऊ दे," म्हणाले, "मग सांगतो."

जेट्टीच्या टोकापर्यंत गेलो, परत आलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला हे स्वतःच काठी घेऊन दारात उभे. त्याला आता आठ दिवस झाले. गाळ्यावरची पाटी अजून काढलेली नाही, आणि उत्तरही अजून यायचंय. पाच वाजत आले की मी आपली चपला घालून तयार असते.